अळोबाची ताकद चारशे बारा

मित्रांनो, मी एक जुना, हिरवा, बोटभर प्राणी आहे. यशश्रीच्या मोबाइलमध्ये, प्राणी गोळा करायच्या एका गेममध्ये मी राहतो. तुम्ही म्हणाल, "म्हणजे तू खरा नाहीस." म्हणा. मला राग येतो, पण तो फार वेळ टिकत नाही.

तीन वर्षांपूर्वी यशश्रीने मला कराडला, आपल्या आईच्या परसात पकडले. तिथे मोरीच्या पाण्यावर अळू माजले होते. माझ्याही डोक्यावर तसेच एक रुंद पान, म्हणून तिने माझे नाव अळोबा ठेवले. त्या काळी माझी काय ऐट होती! चिखलातले, पाण्यातले कितीतरी शत्रू मी लोळवले. "मूर्ती लहान पण कीर्ती महान," असे ती मैत्रिणींना माझ्याबद्दल सांगायची.

पुढे तिचे लग्न झाले आणि ती बडोद्याला, मांजलपूरच्या एका सोसायटीत आली. इथे तिला तीन-तीन हजार ताकदीचे निळे मासे आणि कासवे मिळाली. माझी ताकद चारशे बारा. मी यादीच्या तळाशी गेलो. नव्यांना जागा हवी म्हणून तिने कराडचे इतर प्राणी एकेक करून सोडून दिले. आठ महिने माझ्यावर तिचे बोट पडले नाही. खोटे कशाला सांगू, मला फार वाईट वाटले.

करमत तिलाही नव्हते. सासू सुनंदाताई मायेच्या, घरात सगळे मराठी. पण दाराबाहेर पडले की गुजराती, आणि मग ही नुसती हसून मान हलवायची.

अशात एका रविवारी सोसायटीतल्या हार्दिकने तिला हाक मारली. "भाभी, आवो ने! बॉस आव्यो छे." बागेत हार्दिक धरून चौघे जमले होते. गेममध्ये एक अजस्र देवमासा आला होता आणि पाऊण तासाने तो निघून जाणार होता. यशश्री हरखून गेली. पण तिची पिशवी भरलेली. हरवलेला देवमासा ठेवून घ्यायला एक जागा रिकामी हवी होती. हार्दिकने तिची यादी पाहिली आणि थेट माझ्यावर बोट ठेवले.

"आ चारसो बारवाळो शुं कामनो? काढी नाखो."

हे तिला खुणेनेही कळले. तिचे बोट 'सोडून द्या' या बटनावर आले. एकदा सोडलेला प्राणी परत येत नाही, मित्रांनो. माझ्या नावाखाली 'पकडल्याचे ठिकाण: कराड' असे लिहिलेले आहे. ते तिने वाचले, आणि तिचे बोट थबकले. "लढाई झाल्यावर बघू," ती पुटपुटली.

आता एक गुपित सांगतो. प्रत्येक बॉसवर उतारा असतो. आगीवर पाणी, पाण्यावर पान. पाण्याच्या राक्षसापुढे पाण्याचे प्राणी उभे करणे म्हणजे त्याला अंघोळ घालणे.

हार्दिक ओरडला, "लीला काढो, भाभी, बधा लीला!"

यशश्रीने ऐकले, निळा. एका लढाईत सहापर्यंत प्राणी उतरवता येतात; तिने भराभर सहाच्या सहा निळे उतरवले. देवमाशावर ओरखडासुद्धा उठला नाही आणि आमची बाजू आडवी झाली. यशश्रीकडे पुन्हा लढाईत उतरायचे एकच तिकीट उरले होते आणि दहा मिनिटे. तिचे डोळे भरून आले. "अहो, निळेच तर काढले मी!"

बाकावर सुनंदाताई पापडी निवडत बसल्या होत्या. त्यांना हसू आवरेना. "अगं वेडे, लीला म्हणजे हिरवा! आपण लीली चटणी नाही का म्हणत? हा बघ, असा लीला!" आणि त्यांनी पापडीची शेंग उंच धरून दाखवली.

यशश्रीकडे हिरवे तीनच उरले होते. त्यांतला एक मी. दोघे आधी लढले आणि पडले. मग माझी पाळी आली. मी काही शूर नाही. डोळे मिटले आणि पान आपटत राहिलो. पण पाण्यावर पानाचा फटका दुप्पट बसतो, हे त्या देवमाशाला चांगलेच कळले असावे. पाच जणांनी मिळून त्याला दमवले हे खरे, पण शेवटचा फटका माझा होता.

बागेत एकच ओरडा झाला. मग पुन्हा जागेचा प्रश्न आला. हार्दिक सवयीने म्हणाला, "हवे पेला नानाने काढी नाखो, भाभी." म्हणजे, आता त्या छोट्याला, मला, काढून टाका.

यशश्रीने मोबाइल छातीशी धरला. "ना. आ नहीं जाय. आ मारो लीलो छे."

आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच गुजराती बोलली होती. हार्दिक मोठ्याने हसला, "साची वात!" म्हणजे खरी गोष्ट. दोन अगदी सारखी कासवे होती, त्यांतले एक तिने सोडले. मी राहिलो.

मित्रांनो, कोणाचा आकडा पाहण्याआधी समोर काम काय आहे ते बघा. आणि तुमच्या यादीच्या तळाशी कोणी जुना पडून असेल, तर आज त्याच्यावर एकदा बोट ठेवा. पण नावावर हं, बटनावर नको.