पळसाच्या पुडीतली कॉफी

डोमाजीचा बैल सर्जा मेला, तेव्हा ढोरांच्या डॉक्टरने त्याचं पोट फाडून पाहिलं. आत प्लास्टिकच्या पिशव्यांचा हा एवढा गोळा. त्यातल्या एकीवरची लाल अक्षरं अजून शाबूत होती : 'दमयंती कॉफी, आदिलाबाद.'

गोळ्यात दहा जणांच्या पिशव्या होत्या, पण नाव छापण्याची हौस एकट्या दमयंतीला. ती घरच्या चक्कीवर कॉफी दळायची आणि जैनथच्या बसने पिंपळवाडीच्या बाजाराला यायची. चहाच्या मुलखात कॉफी विकणं म्हणजे बोडख्याला फणी विकण्यातला प्रकार. तरी शाळेतल्या तेलुगू मास्तरांमुळे गावाला चव लागली होती. आता कुठे गिऱ्हाईक जमत होतं.

पुढच्या बाजारी डोमाजी आला. ओरडला नाही. धुतलेली पिशवी तिच्या तराजूत ठेवली.

"बाई, हे तुमचं. घेऊन जा. आन पुन्हा आमच्या शिवेत तुमची कॉफी दिसू देऊ नका."

अख्खं गाव त्याच्या मागे उभं होतं. दमयंतीने पाल गुंडाळलं. घरी येऊन ती पिशवी चक्कीवरच्या खिळ्याला टांगली आणि रात्री जेवताना नवऱ्याला, शरदचंद्रांना म्हणाली, "आता अशी पुडी करते, की बैलाने खाल्ली तर त्याला नुसती ढेकर यावी."

शरदचंद्र सरकारी मंडल ऑफिसात कारकून होते. त्यांनी वरणभात कालवला आणि म्हणाले, "कर. पण स्वयंपाक चालू ठेव."

तलमडुगूची बयनाबाई बाजारात पत्रावळ्या विकायची. ती पळसाची पानं आणून द्यायला लागली. दमयंतीचं म्हणणं सरळ होतं : पळसाच्या पानावर अख्खी पंगत जेवते, मग कॉफीनेच काय घोडं मारलंय? पण कॉफी मोठी मानी जात. ताज्या पानात ठेवली तर पाल्याचा वास उचलते. वाळलेलं पान मुडपलं की तडकतं. शेवटी अर्धवट सुकलेली पानं पाट्याखाली दाबून ठेवली तेव्हा ती चामड्यासारखी मऊ वळू लागली.

पहिल्या झकास पुड्या तिने शहरातल्या गिऱ्हाइकांना दिल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांतल्या एक मास्तरीणबाई दारात. "चिकोरी जास्त घातली का हो? जीभ कडू झाली."

दमयंतीने पानांचा डबा उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारला. पानांना कीड लागू नये म्हणून तिने थरांमध्ये कडुलिंबाचा पाला घातला होता, माहेरी ज्वारीच्या कणगीत घालत तसा.

बयनाबाई हसून हसून खाली बसली. "अवं माय! कणगी आन कॉफी एकच समजली का तू?"

"हसा. पण किडा एक लागला नाही, बघा."

मग आत कागद आला. त्यावर मधाच्या पोळ्याचं मेण गरम इस्त्रीने पसरवलं. कडांना ज्वारीच्या पिठाची खळ. वास बाहेर जातो का, हे पाहायला तिने पुडी नवऱ्याच्या शर्टांच्या ट्रंकेत टाकली. शरदचंद्र संध्याकाळी वैतागून आले. "साहेब विचारत होते, एकटेच कॉफी पिऊन येता का म्हणून." तिने मेण वाढवलं. पुन्हा ट्रंक, पुन्हा साहेब. पावसाळा लागला. एक दिवस शरदचंद्र चप्पल काढता काढता हिरमुसून म्हणाले, "आज कुणी काही विचारलंच नाही," आणि दमयंतीने त्यांना हाताला धरून ओसरीवर फुगडीच घातली.

बयनाबाईने पान टाचायला सवयीने काड्या घेतल्या. दमयंतीने त्या काढून सुती दोरा ओवला.

"काडी घशात टोचेल."

"काऊन, बैलासाठी पुडी करून राह्यली का माणसासाठी?"

"बैलासाठी. माणूस नुसती कॉफी काढून घेतो."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ती बसमधून उतरली आणि थेट डोमाजीच्या गोठ्याशी गेली. तो नव्या गोऱ्ह्याच्या खांद्याला तूप-हळद चोळत होता. तिला पाहून हात थांबला.

"शीव ओलांडली तुमी."

"हो. कॉफी आणली नाही. रिकामी पुडी आणलीय."

तिने कापडी पिशवीतून एक कोरी पुडी आणि खताचं ढेकूळ काढलं. "पाऊस लागला तेव्हा अशीच एक पुडी आणि तुम्ही दिलेली प्लास्टिकची पिशवी एकाच उकिरड्यात पुरली होती. पुडीचं हे झालं. आणि ही पिशवी." पिशवी नव्या नवरीसारखी कोरी होती. लाल अक्षरांसकट.

डोमाजीने खत चुरून हुंगलं. कोरी पुडी उलटीपालटी केली. "बैलाले देऊ म्हनता? आधी तुमी खा."

शेजारीपाजारी जमले होते. कुणीतरी खिदळलं. दमयंतीने पदर खोचला, पुडीचा कोपरा तोडला आणि चावायला लागली. पान, कागद, मेण, दोरा. चावून चावून डोळ्यांत पाणी आलं, तरी गिळलं.

"कसं लागते?" डोमाजीने विचारलं.

"माझ्या सासूच्या भाकरीपेक्षा मऊ आहे."

गोठाभर हसू फुटलं. त्या गोंधळात गोऱ्ह्याने मान लांब केली आणि डोमाजीच्या हातातली उरलेली पुडी ओढून घेतली. डोमाजी ओरडला, पण उशीर झाला होता. गोऱ्ह्याने ती सावकाश चघळून गिळली, नाकपुड्या फुगवल्या, आणि दमयंतीच्या पिशवीत तोंड खुपसून आणखी शोधू लागला.

डोमाजी बराच वेळ त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग तुपाचं बोट पुन्हा खांद्यावर ठेवून रीतीप्रमाणे म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलाला सांगून झालं. मग तो वळला. तुपाने माखलेले हात तसेच जोडले.

"तुमी बी घ्या आवतन, बाई. उद्या जेवाले या. आन येतानी कॉफी घेऊन या, गावाले पुरंल एवढी."

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले, तेव्हा पिंपळवाडीत पुरणाच्या वासात कॉफीचा वास मिसळला होता. रिकाम्या पुड्या कुणी गोळा केल्या नाहीत. त्यांची चिंता बैलांनीच वाहिली.