तळ्याकाठची निरगाठ

रानातल्या तळ्याभोवतीची वाट जिथं सुरू व्हायची तिथं एक पाटी होती : ‘सोपी वाट. वृद्धांनी आणि मुलांनी निर्धास्त फिरावं.’ खिळ्या रोज सकाळी त्या पाटीवर थुंकायचा आणि मगच चालायला लागायचा.

ताई, त्याची थोरली बहीण, त्याला त्यावरून टोकायची नाही. याच सोप्या वाटेनं त्याची बायको खाल्ली होती. गेल्या हिवाळ्यात वळणावरून एक सायकल सुसाट आली आणि तिला उडवून गेली. ती काठाच्या दगडावर डोक्यानं आपटली, तिथून पाण्यात. खिळ्यानं तिला केसांना धरून बाहेर ओढलं तेव्हा लव्हाळी लाल झाली होती. सायकलवाला थांबला नाही, पुढं कधी सापडलाही नाही. मग खिळ्या ताईकडं राहायला आला. दोघांच्याही गुडघ्यांना डॉक्टरांनी रोजची एक फेरी लावून दिली होती, आणि दुसरं तळं काही जवळपास नव्हतं.

खिळ्या हे नाव बापाच्या कारखान्यातलं. कोच-खुर्च्या भरायचं काम. एका हातात हातोडी, दुसऱ्यात ताणलेलं कापड, म्हणून बारीक खिळे तोंडात धरायचे आणि जिभेनं एकेक पुढं काढायचा. पोरवयात ह्यानं मूठभर खिळे तोंडात कोंबले, बापानं मागून कानफटात दिली आणि एक खिळा पोटात गेला. “आता ह्याला लोहचुंबकानंच हाक मारा,” असं काकू म्हणायची. ताईच्या नाकात तो कारखाना अजून होता. काथ्या, सरस, मेण. स्प्रिंगांना मेणाची सुतळी लागायची आणि तिला फक्त ह्यांच्या घरात शिकवलेली निरगाठ. सुतळीचं शेपूट दोनदा उलटं फिरवून गाठीच्या पोटाखाली दडवायचं, म्हणजे बसणाऱ्याचं कापड अडकत नाही. जखमेच्या पट्टीला आणि पोरींच्या वेण्यांना मात्र सुरगाठच. टोक ओढलं की मोकळी. “निरगाठ सामानाला, माणसाला नाही,” बाप बजावायचा. बोलायचा असं, आणि कापड मोजायचा लाकडी गज मोडायचा तो मात्र पोरांच्या पाठीवर. खिळ्याच्या पाठीवर जास्त.

त्या दिवशी खिळ्या उजाडायच्या आत बाहेर जाऊन आला होता. बूट ओले होते. ताईनं विचारलं तर म्हणाला, “झोप येत नव्हती.” आणि तळ्यावर आल्यावर म्हणाला, “आज उलटी फेरी मारू.”

“का रे? सरळ चालून कंटाळलास?”

“तू चल गं. प्रत्येक गोष्टीचा कीस काढू नकोस.”

वळणाच्या अलीकडच्या बाकावर त्यानं तिला बसवलं. समोर उथळ पाण्यात राखी बगळा उभा होता. पाणकोंबडीची पिल्लं आईमागून काळ्या बोंडांसारखी तरंगत चालली होती. बगळ्यानं मान फेकली, एक पिल्लू चोचीत धरलं, पाण्यात बुडवलं, वर काढलं, पुन्हा बुडवलं. आई किंचाळत त्याच्या पायांवर धावून गेली. त्यानं जिवंत पिल्लू तसंच गिळलं. त्याच्या गळ्यातून गोळा खाली सरकताना दिसत होता.

“बघवत नाही रे. ऊठ, चल.”

“बस खाली. बघ की. कुणी विचारतं का त्याला?” खिळ्या बगळ्याकडं बघतच नव्हता. त्याचे डोळे वळणावर होते.

ताई उठून चालू लागली. “ताई, थांब म्हणतो ना!” मागून त्याची काठी खडखडली. वळणावर तिच्या केसांत काहीतरी अडकलं. कोळ्याचं जाळं असेल म्हणून तिनं हात वर नेला, तर बोटांना मेण लागलं. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या वाळुंजाच्या झाडांमध्ये सुतळी ताणली होती. सायकलवर बसलेल्या माणसाच्या बरोबर गळ्याशी. ती झाडाशी गेली, गाठ चाचपली. शेपूट कुठं दिसेना. बोट खाली घातलं, तर ते पोटाखाली दडलेलं.

हे शेपूट असं दडवणारे जगात आता दोघंच उरले होते.

“मेल्या! गळा कापायला निघालास कुणाचा?”

“ज्यानं तिला मारलं त्याचा.”

“तो कोण ते तरी ठाऊक आहे का तुला?”

“कोण का असेना. सगळे एकाच माळेचे मणी.”

दूरवर घंटी वाजली. कुणीतरी गाणं म्हणत येत होतं. मुलीचा आवाज होता.

ताईनं गाठीत नखं खुपसली. खिळ्यानं तिचा अंबाडा धरून तिला मागं खेचलं. ती त्याच्या मनगटाला चावली. तोंडात रक्ताची चव येईपर्यंत तिनं दात सोडले नाहीत. तो ओरडला, त्यानं काठी उचलली आणि हाणली. बापासारखीच, खांद्यातून. ताईच्या डाव्या हातात वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. दुसरा फटका कानाजवळ बसला.

“हो बाजूला! मरशील!”

“गाठ सुटत नाही ना, मग सायकल आधी मलाच धडकू दे,” ती म्हणाली आणि सुतळीखालून पलीकडं, वाटेच्या मधोमध जाऊन उभी राहिली. केस सुटलेले, हनुवटीवर भावाचं रक्त, एक हात लोंबत, दुसरा आडवा.

वळणावरून सायकल आली. पोरीनं ब्रेक दाबले, चाक घसरलं, ताईच्या नडगीवर आदळलं. दोघी खाली पडल्या.

“आजी, मरायचंय का तुम्हाला?” गुडघा सोलवटलेली पोर ओरडत उठली. उठताना तिचं हेल्मेट सुतळीला लागलं. तिनं वर पाहिलं. हात आपोआप गळ्याकडं गेला.

“कुणी बांधलं हे?”

ताईनं डोळे मिटून घेतले. कारखान्यात काही मोडलं की ती अशीच डोळे मिटायची, आणि मार खिळ्याला पडायचा.

“मी,” खिळ्या म्हणाला. “माझी बायको इथंच गेली. असल्याच सायकलखाली.”

पोरगी लंगडत मागं सरकली, पार वळणापलीकडं. तिथून ती फोनवर पोलिसांना वाट सांगू लागली. पळून जायला खिळ्याला वेळ होता, पण त्याचं पाऊल उचललं नाही. त्यानं खिशातल्या चाकूनं सुतळी कापली, काठी गुडघ्यावर मोडून तिचे दोन तुकडे केले आणि ताईजवळ बसला. मोडका हात त्या दोन तुकड्यांमध्ये धरून तो सुतळीचे वेढे देऊ लागला. त्याच्या मनगटातून रक्त ठिबकत होतं. शेवटी बोटांनी सवयीनं शेपूट उलटं फिरवलं, एकदा, आणि दुसऱ्यांदा.

“खिळ्या, सुरगाठ मार,” ताई म्हणाली. “माणसाचा हात आहे.”

त्याची बोटं थांबली. त्यानं गाठ उकलली आणि पहिल्यापासून बांधायला घेतली. पण रक्तानं सुतळी इतकी निसरडी झाली होती, की दुसरं टोक ताईलाच दातात धरावं लागलं.