दाजींचा न बुजवलेला खड्डा

आमच्या दाजींनी, म्हणजे लुरीनताईच्या नवऱ्याने, एकतीस वर्षं बाप्तिस्मा टाळला. ताई रोज प्रार्थना करायची आणि आर्विलदाजी नदीत सोनं शोधायचे. एकदा तिचं बोलणं थांबावं म्हणून ते म्हणाले, मक्याच्या दाण्याएवढं सोनं सापडलं तर खुशाल नदीत बुडवून बाप्तिस्मा द्या मला. आमच्या चेस्टटी नदीत सापडतं ते बारीक कोंड्यासारखं, म्हणून ते निर्धास्त होते. जूनमध्ये दाणा सापडला. गुपचूप खिशात घालता आला असता, पण खोटं वागणं त्यांना जमतच नाही. दाढ काढायला निघाल्यासारखा चेहरा करून त्यांनी तो ताईच्या तळहातावर ठेवला.

सप्टेंबरचा पहिला रविवार ठरला. ताईने पांढरा झगा शिवला, तीनदा उसवला, परत शिवला.

आदल्या शनिवारी आमची दोन्ही घरं नेहमीसारखी नदीवर होती. दाजींचा ड्रेज म्हणजे तराफ्यावर बसवलेलं इंजिन. काचेचा मुखवटा लावून दाजी पाण्याखाली जायचे आणि जाड नळीने तळाची वाळू ओढायचे. ती वर पन्हळीतून वाहून जायची, जड सोनं तेवढं पन्हळीत अंथरलेल्या मॅटला अडकायचं. मी दगड बाजूला सारायचो. बायका काठावर तळलेलं चिकन खात आम्हाला कामचुकार ठरवायच्या.

संध्याकाळी खड्डा त्याच दगडांनी बुजवायचा, हा आम्हा सगळ्यांचा नियम. पण त्या दिवशी शेवटच्या मॅटमध्ये पिवळं जरा जास्तच चमकलं. दाजी म्हणाले, सोमवारी सुट्टी आहे, राहू दे उघडा, कोणाला दिसतोय. मीही दगड उचलून कंटाळलो होतो. गप्प बसलो.

रविवारी कळलं, बाप्तिस्म्याच्या नेहमीच्या डोहात झाड आडवं पडलंय. पास्टर हॉइट सगळ्या मंडळीला घेऊन दोन वळणं खाली आले. नेमके आमच्या उघड्या खड्ड्यापाशीच.

"दाजी, सांगून टाका," मी कुजबुजलो.

"चाळीस माणसांसमोर? उद्या इथं चाळीस ड्रेज लागतील."

"आणि पास्टर बुडाले तर?"

"उंच आहेत ते."

पास्टर हॉइट प्रवचन सांगायला लागतात साध्या बोलण्यात, पण मध्येच कुठेतरी श्वास चढतो, शब्दांना चाल लागते, आणि ऐकणाऱ्याचे पाय आपोआप ठेका धरतात. मी त्यासाठी ताप अंगात घेऊनही गेलोय. त्या दिवशी दाजींचा हात धरून, मंडळीकडे तोंड करून, ते गात गात मागे मागे सरकत होते. देवाच्या दयेला तळ नाही, हो, तळ नाही... आणि दोघेही दिसेनासे झाले.

सूर पाण्यात तुटला. ताई बुटांसकट आत धावली. बऱ्याच वेळाने पास्टर वर आले, खोकत. त्यांच्या मागोमाग दाजी.

पास्टर म्हणाले, पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घ्यायच्या आतच आपण पाण्याखाली गेलो, तेव्हा हे बुडणं धरता येणार नाही.

"मग परत बुडवा की," दाजी म्हणाले, इतक्या उत्साहाने की काठावरच्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. ताईने मात्र पुसले नाहीत. सोनं दिसल्यावरचा तो चेहरा तिने एकतीस वर्षं मुखवट्याच्या काचेआड पाहिला होता.

"आर्विल, खाली काय पाहिलंस?"

दाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून सांगून टाकलं. खड्डा आपलाच, काल बुजवला नाही. तळाच्या खडकात भेग आहे, तिच्यात बोटभर पिवळं.

ताई पाण्यातच एक पाऊल पुढे आली.

"आणि घेतलं नाहीस? एवढा वेळ खाली होतास तर?"

"कशाने घेऊ गं? पास्टरांचा पाय दगडांत अडकला होता. दोन्ही हात त्यातच गेले."

ताईने त्यांचा विस्कटलेला झगा सरळ केला. मग पास्टरांना म्हणाली, "बुडवा."

पास्टर दोन पावलं काठाकडे सरकले, तळ पायाने चाचपला आणि तुटलेला सूर तिथूनच उचलला. दाजींनी डोळे असे घट्ट मिटले की कानापर्यंत सुरकुत्या पडल्या. खाली जाताना मिटलेले, वर येतानाही मिटलेलेच. ताईने हात धरून काठापर्यंत आणलं तेव्हा कुठे उघडले.

ताई रडत होती, हसत होती, आणि त्यांच्या झग्यातलं पाणी पिळत होती. पास्टर माझ्या शेजारी येऊन टॉवेलने डोकं पुसायला लागले. थोड्या वेळाने हळूच विचारलं, ती भेग डाव्या अंगाला आहे की उजव्या?

मी म्हटलं, उद्या सकाळी या. पण आधी सांगतो, संध्याकाळी दगड उचलावे लागतील.