पाणी तोडलेली ज्वारी

धुळ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागामागे प्लास्टिकचं छत घातलेली एक शेड होती. तिथे मोठाल्या कुंड्यांमध्ये प्रियलने दादर ज्वारी लावली होती. दादर ही खानदेशातली रब्बीची ज्वारी. पाऊस संपल्यावर पेरतात, आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवरच ती कणसाला येते. पाणी तुटल्यावर ती पानाच्या आत असं काय तयार करते की तग धरून राहते, हा प्रियलच्या पीएच.डी.चा विषय होता. ती बोदवडच्या भुसार व्यापाऱ्याची मुलगी. वडिलांनी, भिकमचंद यांनी, जन्मभर ज्वारी विकली. आपली पोरगी ज्वारीची पानं कुटून त्यात काय काय शोधते, हे गिऱ्हाइकांना सांगताना त्यांना मोठी मौज वाटायची.

ज्वारी पोटरीत आली, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात आलं, की अर्ध्या कुंड्यांचं पाणी तोडायचं. झाडं पुरती सुकली की पानं तोडून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायची आणि त्यातली साखर, प्रथिनं, विकरं, म्हणजे एन्झाइम, मोजायची. दोन हंगाम नीट पार पडले होते. तिसरा झाला की प्रबंध लिहायला घ्यायचा. मार्गदर्शक बोरसे सर मे महिन्यात निवृत्त होणार होते, तिची शिष्यवृत्तीही तेव्हाच संपणार होती.

पाणी तोडलं त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा, रोनकचा, फोन आला. पप्पा गल्ल्यावर बसल्या बसल्या गेले होते.

ती तशीच बसस्टँडवर गेली. बोरसे सर डोळ्याच्या ऑपरेशनमुळे घरी होते. शेडकडे बघायला तिने कुणालाच सांगितलं नाही. अर्ध्या कुंड्यांना ठिबकने आपोआप पाणी मिळत होतं; बाकीची झाडं सुकूच द्यायची होती, त्यांना कुणाची गरज पडणार! पानांची मोठी तोडणी ती परतल्यावरच होती.

दुखवट्याच्या बैठकीचे दिवस संपवून ती धुळ्याला आली आणि सरळ शेडमध्ये गेली. सगळ्या कुंड्या सारख्याच हिरव्यागार होत्या. पाणी तोडलेल्या कुंड्यांमधली माती तिने बोटाने दाबून पाहिली. ओली होती.

मागून ताईबाई आली. दिवाळीनंतर विभागात झाडलोटीला लागलेली ही बाई कंत्राटावर होती.

"उनी का माय?" तिने प्रियलच्या पाठीवर हात ठेवला. "तुना बाप गया, आनी आठे ह्या झाडं बी कोमाई जायेल व्हतात. माले देखवनं नही. मी रोज पानी दिनं बठ्ठासले."

प्रियलने बोटाची माती ओढणीला पुसली.

"काय चुकनं का मनं?"

"नाही अक्का," प्रियल म्हणाली आणि प्रयोगशाळेत जाऊन तिने दार लावून घेतलं.

बोरसे सरांच्या डोळ्यावर अजून काळा चष्मा होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिले.

"दोन हंगामांचे आकडे आहेत ना तुझ्याकडे? जुळतात?"

"जुळतात सर."

"मग तिसऱ्याचेही त्यांच्याच आसपास येणार. त्यावरूनच तिसऱ्याचे मांड. मी सही करतो." त्यांनी आवाज खाली आणला. "हे दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं मी. पण तुझे वडील गेलेत. मे महिन्यानंतर तुला माझा काही उपयोग नाही. दुसरा मार्गदर्शक, परत एक वर्ष, शिष्यवृत्ती बंद. हे सगळं कशाला?"

सर मनापासून बोलत होते, म्हणूनच तिला नाही म्हणणं जड गेलं. दोन दिवस ती घुटमळत राहिली. मग मुदतवाढीचा अर्ज घेऊन गेली. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'माझ्या गैरहजेरीत प्रयोग खंडित झाला'.

"बाईचं नाव नाही घातलंस?"

"उद्या काढून टाकतील सर तिला."

सरांनी सही केली. त्यानंतर बरेच दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले.

तरी विभागात कुजबुज झालीच आणि ती ताईबाईच्या कानावर गेली. ती प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"तू बोलनी का नही? मी तुनं वरीस बुडाई दिनं."

"राग आला होता अक्का. खूप आला होता. तेव्हा तोंड उघडलं असतं तर नको ते बोलून गेले असते."

"मंग आते बोल."

प्रियलने तोंड उघडलं, पण रडूच फुटलं. बोदवडला आईसमोर, भावासमोर ती घट्ट राहिली होती. ताईबाईने दाराशीच बसकण मारली आणि तिचं रडणं थांबेपर्यंत उठली नाही.

पुढच्या हिवाळ्यात प्रियलने पुन्हा दादर लावली. नवे मार्गदर्शक जळगावचे होते. सकाळी सोनगीरच्या ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि दुपारी शेड गाठायची. पाणी तोडल्यावर ताईबाई त्या बाजूला फिरकेना. तिथे झाडायला दुसरीला पाठवायची. झाडं सुकताना बघणं तिला तेव्हाही जमलं नाही.

त्या हंगामाचे आकडे आधीच्या दोन हंगामांशी जुळले, फक्त एका विकराचे सोडून. पाणी तुटल्यावर ते वाढायला हवं होतं, तर घटलेलं निघालं. प्रियलने पुन्हा मोजलं, तेच आलं. का, ते तिला सांगता येईना. प्रबंधात तिने तसंच लिहिलं.

जळगावला विद्यापीठात तोंडी परीक्षेच्या दिवशी बोरसे सर मागच्या खुर्चीवर येऊन बसले होते. परीक्षकांनी त्या घटलेल्या विकरावरच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. काहींची उत्तरं तिला आली, काहींना ती "माहीत नाही" म्हणाली. पदवी मिळाली.

बाहेर आल्यावर सरांनी तिला बाजूला घेतलं.

"माझं ऐकलं असतंस तर तो आकडा चुकीचा छापला गेला असता," ते म्हणाले. "माझ्या सहीनिशी."

"तुम्ही माझ्यासाठीच म्हणाला होतात सर."

"हो. तेच तर. म्हणूनच मला ते चुकीचं वाटलं नाही."

 मग सर रिक्षा बघायला गेले. तिने आईला फोन लावला, पास झाले म्हणून सांगितलं. पलीकडून आई म्हणाली, "आज तुझे पप्पा असते, तर दुकानात येईल त्याला थांबवून सांगत बसले असते."  दुसऱ्या दिवशी सकाळी सोनगीरला पहिलाच तास होता, म्हणून ती संध्याकाळच्याच बसने धुळ्याला निघाली.