आडवं जाण्याची सवलत

बाहेरच्या खोलीत वाद हिरव्या झेंडीवरून चालला होता. जबलपूरची गाडी पुन्हा सुरू होईल त्या दिवशी झेंडी कोणी दाखवायची, आमदारांनी की खासदारांनी, यावर रेल्वे संघर्ष समितीची बैठक चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत अडून बसली होती. गाडी बंद पडून सहा-सात महिने होऊन गेले होते. ती सुरू होण्याचं एकही चिन्ह नव्हतं. पण झेंडी ठरल्याशिवाय पुढचा विषय घ्यायला कोणी तयार नव्हतं.

आतल्या खोलीत, फळ्या टाकलेल्या बाजेवर उताण्या पडून अलकनंदाबाई हे सगळं ऐकत होत्या. बालाघाटच्या मुलींच्या सरकारी शाळेत त्या शिकवत. मणक्याचा क्षय निघाल्यापासून रजेवर होत्या. बसायची मनाई, वाकायची मनाई, उभं राहायचं तर नावच नको. तोंड मात्र चालत होतं, आणि कान आधीपेक्षा तिखट झाले होते. शेजारच्या शांताबाई कप न्यायला आत आल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "साखर कमी टाकजा, शांताबाई. गोड चहा मिळाला तर गाडी सुरू होईपर्यंत उठायचे नाहीत हे लोक."

गाडी बंद झाली ती पुरामुळे. नैनपूरच्या अलीकडे एका पुलाचा खांब खचला होता. हिवाळ्यात तो दुरुस्त झाला आणि त्यावरून मालगाड्या जाऊ लागल्या. बांबू गेला, मँगनीज गेलं, सागवान गेलं. माणसांची गाडी तेवढी गेली नाही. विचारायला गेलं की कधी डबे दुसरीकडे पाठवलेले असत, कधी इंजिन नसे, कधी ही गाडी मुळातच तोट्यात होती असं कळे. आमदार आणि खासदार एकाच पक्षाचे, पण एकमेकांचं तोंड न बघणारे. एकाने दिल्लीला अर्ज नेला की दुसरा तो वाटेत अडवी, कारण गाडी सुरू झाली असती तर नाव पहिल्याचं झालं असतं.

आणि समितीचे अध्यक्ष होते दुलीचंद. लालबर्रा, सिवनी करत जबलपूरला जाणाऱ्या बसगाड्या त्यांच्याच. रेल्वे बंद झाल्यापासून त्या टपावरही माणसं घेऊन जात होत्या. गाडीसाठी लढायला शहराने हाच माणूस निवडला होता, कारण सभेच्या खुर्च्या, भोंगा आणि शिष्टमंडळाचा खर्च त्याच्याकडून येत होता. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. वाटत असलं तर ते चहाबरोबर गिळत होते.

त्र्यंबकराव, म्हणजे बाईंचे यजमान, समितीचे चिटणीस होते. ते एका वकिलाकडे कारकून होते. अक्षर चांगलं होतं आणि कोणालाही नाही म्हणणं जमत नव्हतं, एवढ्याच गुणांवर त्यांना हे पद मिळालं होतं. बाईंचा त्यांच्यावर जीव होता. पण समितीतली माणसं गेल्यावर ते आत येऊन "आज बरीच चर्चा झाली" असं म्हणत, तेव्हा बाई भिंतीकडे बघत.

बाईंना गाडी हवी होती ती साध्या कारणासाठी. गाडीच्या बाकावर आडवं होता येतं. जबलपूरच्या सर्जनने त्यांना पहिल्यांदा प्लास्टर घातलं तेव्हा त्या अशाच गेल्या होत्या, खिडकीतून साल वृक्षांचे शेंडे बघत. पावसाळा संपला की परत या, असं सांगून त्याने पाठवलं होतं. पावसाळ्यानेच गाडी नेली. नागपूर जवळचं, माहेरचं. पण राज्यं वेगळी झाल्यापासून ते परमुलखात गेलं होतं, आणि सरकारी नोकराला इलाजाचा खर्च आपल्याच राज्यात मिळत होता. बसमधून जायचं तर आठ-दहा तास बसून, खड्ड्यांतून. ते चालणार नाही, असं गावातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

होळीच्या सुमाराला त्यांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. मग डाव्या पायाला पांघरूण आहे की नाही ते कळेनासं झालं. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली आणि त्र्यंबकरावांना अंगणात नेऊन हळू आवाजात सांगितलं की आता उशीर केला तर पाय जातील. भिंत पातळ होती. बाईंनी ऐकलं.

त्र्यंबकराव आत आले. बाईच म्हणाल्या, "त्या पुलावरून बांबू आडवे जाऊन राह्यले, आणि मलेच जाता येत नाही. बांबूच्या जन्माले यायला पाहिजे होतं."

त्याच आठवड्यात बातमी आली की रेल्वेचे एक मोठे साहेब येणार आहेत. गाडीची गरज खरोखर आहे का, हे ते स्टेशनवर बसून लोकांकडून ऐकून घेणार होते. त्र्यंबकरावांनी रात्रंदिवस तयारी केली. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, जबलपूरच्या कोर्टात तारखा असणारे लोक, सगळ्यांची बाजू कशी मांडायची ते त्यांनाच माहीत होतं. समितीतल्या बाकीच्यांना फक्त भाषण येत होतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी दुलीचंद एकटेच घरी आले. येताना मोसंबी आणली होती. बाजेजवळ खुर्ची ओढून ते बसले आणि आपल्याला फार वाईट वाटतं असं म्हणाले. मग म्हणाले, "बहनजी, मेरी एक मोटर ले जाइए. पीछे की सीटें निकलवा देता हूँ, गद्दा बिछ जाएगा. भाईसाहब साथ रहें. कल सवेरे निकलिए."

"उद्या सुनावणी आहे," बाई म्हणाल्या. "परवा नाही का जमत?"

परवापासून ती मोटार लग्नाच्या वऱ्हाडासाठी दिली होती. त्यापुढे लग्नसराईच होती. दुलीचंद हे सांगताना मोसंबं सोलत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, कावाही नव्हता. बाजारात भाव सांगतात तसं ते सांगत होते. बाईंना त्या माणसाचा राग आला नाही. रागाला समोर काहीतरी माणसाएवढं लागतं.

ते गेल्यावर त्र्यंबकराव बाजेच्या पायथ्याशी बसून रडले. ते म्हणाले की चल, जाऊ, सुनावणी गेली खड्ड्यात, मले तुझे पाय पाहिजेत. बाईंनाही पाय हवे होते. पण जबलपूरच्या खेपा एकदोन नव्हत्या, वर्ष-दीड वर्ष चालणाऱ्या होत्या, आणि प्रत्येक खेपेला दुलीचंदसमोर असं पडून राहायचं होतं. शिवाय त्यांच्या मनात एक आशा होती, जी त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नाही. साहेब बाहेरचा होता. त्याने एकदा डोळ्यांनी पाहिलं तर मालगाडीला एक डबा जोडायला त्याला किती वेळ लागणार होता?

"तुम्ही सुनावणीले जा," त्या म्हणाल्या. "आणि मलेही न्या."

सकाळी चौघांनी बाज उचलली. शांताबाई छत्री धरून बाजूने चालल्या. बाजारातल्या लोकांना वाटलं प्रेत आहे. काहींनी हात जोडले. बाई डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या, तेव्हा ते घाईने हात सोडत.

साहेब सभ्य होते. वेटिंग रूममध्ये बाज आली तसे ते उभे राहिले. त्यांनी त्र्यंबकरावांचं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, मग बाईंना विचारलं की आपल्याला काही सांगायचं आहे का. बाईंनी शाळेतल्या स्वच्छ हिंदीत त्यांना विचारलं की आपण इथपर्यंत कशाने आलात. साहेब म्हणाले, तपासणीच्या डब्याने. तो मालगाडीला जोडून आणला होता. त्यात झोपायची सोय आहे का, असं बाईंनी विचारलं. आहे, असं साहेब म्हणाले. म्हणजे त्या पुलावरून एक माणूस झोपून जाऊ शकतो, असं बाई म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा उतरला. त्या क्षणी बाईंना वाटलं की झालं काम. साहेब शेजारच्या मदतनिसाशी इंग्रजीत काही बोलले, मग त्यांनी चष्मा पुसला आणि फार मऊ आवाजात सांगितलं की तपासणीच्या डब्यात बाहेरची व्यक्ती नेता येत नाही. पण प्रवासी गाडी पुन्हा सुरू होईल त्या दिवसापासून या स्टेशनवरून रुग्णाला आडवं नेण्याची सवलत ते स्वतः मंजूर करतील. तसा शेरा ते आत्ताच लिहीत आहेत.

त्यांनी तो खरोखर लिहिला. दुलीचंदनी टाळ्या वाजवल्या. मग ते बाजेच्या उशाशी उभे राहून बोलले. ही माता आपल्या शहराची वेदना आहे, असं ते म्हणाले, आणि जबलपूरच्या वर्तमानपत्राच्या माणसाने त्यांचा बाजेसकट फोटो काढला. त्या रात्री साहेब दुलीचंदकडे जेवले.

तिसऱ्या दिवशी बाई बसने गेल्या. तिकिटं काढून, सगळ्यांसारख्या. त्र्यंबकरावांनी त्यांची पाठ धोतराने सीटला बांधली होती. लालबर्र्याच्या पुढे रस्ता उखडलेला होता. बाईंनी पदराचा बोळा दातांत धरला आणि सिवनीपर्यंत सोडला नाही. जबलपूरला सर्जनने त्यांना पाहिलं आणि तो त्र्यंबकरावांवर ओरडला की असं बसवून आणायला तुम्हाला सांगितलं कोणी? उत्तर फार लांब होतं.

ऑपरेशन झालं. सात-आठ महिने बाई तिथेच होत्या. उजवा पाय परत आला. डावा अर्धा आला. तो ओढत, काठी टेकत त्या घरी परतल्या आणि पुढच्या जुलैत शाळेत रुजू झाल्या. मोटार घेतली असती तर, हे वाक्य त्र्यंबकराव पुष्कळदा अर्धं बोलत. बाई ते कधी पूर्ण करत नसत.

गाडी मात्र आली नाही. समिती टिकली. ती दर हिवाळ्यात जमे, ठराव करी, चहा घेई. साहेबांची बदली झाली. मग निवडणूक जवळ आली आणि दुलीचंदना उमेदवारी मिळाली. लगेच डबे सापडले, इंजिन सापडलं, तोटा कुठे गेला ते कोणी विचारलं नाही. दुलीचंदच्या बसगाड्या आता दुसऱ्या रस्त्यांवर जास्त कमावत होत्या.

उद्घाटनाच्या आधी ते पुन्हा घरी आले. जुना फोटो सगळ्यांच्या लक्षात होता, असं ते म्हणाले. बहनजींनी त्या दिवशी फलाटावर थोडा वेळ तशाच बाजेवर पडावं, मग सगळ्यांसमोर त्यांना डब्यात ठेवू, म्हणजे लढ्याची सांगता होईल. त्र्यंबकरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी दार दाखवायला हात उचलला. बाईंनी त्यांना थांबवलं.

"मी आता चालते, दुलीचंदजी," त्या म्हणाल्या. "तुमच्या कामाची नाही राह्यली."

उद्घाटनाला शाळेच्या मुली न्यायचा हुकूम होता, म्हणून बाईंना स्टेशनवर जावंच लागलं. त्या फलाटाच्या टोकाला मुलींच्या रांगेजवळ उभ्या होत्या. गर्दी, बँड, भाषणं. मधोमध दवाखान्याच्या स्ट्रेचरवर एक बाई निजवलेली होती, हे त्यांना माणसं हलली तेव्हा दिसलं. दुलीचंद तिच्यावर वाकले होते. फोटो निघाला.

मग शिट्टी झाली. पुढारी धावत डब्यांत चढले. पुढच्या स्टेशनपर्यंत ते सगळेच जाणार होते आणि डबे त्यांच्याच माणसांनी भरले होते. स्ट्रेचर जिथे होतं तिथेच राहिलं. बाई काठी टेकत निघाल्या. गार्डला थांब म्हणून हात केला, ओरडल्याही, पण बँड वाजत होता आणि डावा पाय उचलत नव्हता. त्या पोचल्या तेव्हा शेवटचा डबा फलाटाबाहेर पडला होता.

स्ट्रेचरजवळ एक म्हातारा गाठोडं घेऊन उभा होता. तो लांजीकडचा महागू, आणि ती त्याची बायको मैनाबाई. कमरेचं हाड मोडून महिनाभर दवाखान्यात होती. काल माणसं आली आणि म्हणाली की उद्या तुम्हाले गाडीनं जबलपूरले नेतो. त्याने घरून भाकरी बांधून आणल्या होत्या.

"आमाले बसवाले इसरले का बाई?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. इतक्या मोठ्या माणसांची धांदल होती, विसरले असतील, असंच त्याला वाटत होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "इसरले नाहीत. उद्या गाडी आहे. मी येते तुमच्यासंगं. डब्यात कसे जाऊ देत नाहीत, ते पाहू."

मैनाबाईने मान वळवून रिकाम्या रुळांकडे पाहिलं. "गेली का गाडी?"

"हौ. गेली."

त्यांनी मुलींना घरी पाठवलं आणि एकीला सांगून दवाखान्यातून माणसं आणायला धाडलं. फलाट ओस पडला. ऊन छपराखालून सरकत मैनाबाईच्या तोंडावर आलं होतं आणि ती डोळे मिटून घेत होती. जवळ छत्री नव्हती. अलकनंदाबाई काठीवर भार देऊन उन्हाच्या बाजूला गेल्या आणि आपली सावली तिच्या चेहऱ्यावर पडेल अशा उभ्या राहिल्या. महागूने बसायला गाठोडं पुढे सरकवलं. बाईंनी मानेनेच नको म्हटलं. डावा पाय थरथरत होता. माणसं येईपर्यंत त्या हलल्या नाहीत.