सिंगल बेल

कंडक्टरांना झटका आला आणि तोंडात एकच शब्द उरला: ‘चला’. आता बघा, ज्या माणसाने जन्मभर बसच्या दारात उभं राहून ‘चला, पुढे चला, आत भरपूर जागा आहे’ म्हणत माणसं कोंबली, एक बेल देऊन गाडी थांबवली आणि दोन देऊन सोडली, त्याच्याकडे देवाने एवढ्या शब्दांतून नेमका हाच ठेवावा! बायकोला तेव्हा रडतारडता हसू फुटलं होतं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे, डावा हात आणि ‘चला’ तेवढं राहिलं.

तिला सगळी गल्ली कंडक्टरीणबाई म्हणायची, आणि तिला ते आवडायचं. त्या एका शब्दाचे सगळे सूर तिला पाठ होते. भुकेचं ‘चला’ लांबट. लघवीचं तुटक आणि घाईचं. समोरचे मास्तर गप्पा मारायला येऊन खुर्चीला चिकटले की कंडक्टर त्यांच्याकडे बघून जे ‘चला’ म्हणायचे, ते तर मास्तर सोडून सगळ्यांना कळायचं. मुलगी लांब दिलेली. ती फोनवर म्हणायची, “आई, बाबांचं तुलाच कळतं गं.” बस, एवढ्या वाक्यावर कंडक्टरीणबाईचा आठवडा निघायचा. कंबर मोडली होती, झोपेचं खोबरं झालं होतं, पण यांचं मला कळतं, हा तिचा तोरा होता. आणि का नसावा? दुसरं काय उरलं होतं तिला मिरवायला?

मग चहाचं बिनसलं.

संध्याकाळचा चहा ही दोघांची जुनी रीत. कंडक्टरांना तो उकळता लागायचा. वाचा होती तेव्हा म्हणायचे, “जीभ पोळली नाही तर तो चहा कसला?” ती खाटेशी बसून कप त्यांच्या ओठाला लावायची आणि मग स्वतःचा प्यायची. एक दिवस त्यांनी पहिलाच घोट चादरीवर थुंकला. तिला वाटलं, साखर विसरले. दुसऱ्या दिवशी चव घेऊन दिला, तर तोंड फिरवलं. आणि पुढे एक नवीनच खूळ निघालं. ती वाफाळता कप घेऊन दारात दिसली रे दिसली, की डाव्या हातातला पाण्याचा स्टीलचा पेला उचलायचा आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर हाणायचा. टण्ण!

“मी काय बहिरी आहे?” ती दचकून ओरडायची. “चहाच आणलाय, विष नाही आणलं!”

त्यात गार पाण्याचं वेड. फ्रिजमधली बाटली मांडीत धरून बसायचं, घोट घेऊन डाव्या गालात धरून ठेवायचा, डोळे मिटायचे. तो कोमट झाला की उशीवर सोडून द्यायचा आणि पुन्हा नवा घोट. उशी ओली, सदरा ओला, गादी ओली. धुऊनधुऊन तिच्या नाकी नऊ आले. मास्तर म्हणाले, “झटक्यानंतर माणसं हट्टी होतात हो, मेंदूच तो.” तिने मान डोलावली, पण आतून खट्टू झाली. इतकी वर्षं माझ्या हातचा चहा गोड लागला, आणि आज थुंकतात? गरम वरण नको, गरम सूप नको. तिने दाताच्या कण्या केल्या. उत्तर एकच, टण्ण.

शेवटी एका दुपारी तिचं डोकं फिरलं. सूप अंगावर सांडलं होतं, गॅसवर दूध होतं, आणि तो पेला वाजला. तिने तो हिसकावून घेतला, फळीवर पार वर ठेवून दिला आणि त्यांच्या हातात प्लास्टिकचा कप कोंबला.

“वाजवा आता! वाजवा काय वाजवायचं ते!”

कंडक्टरांनी कप दांडीवर आपटला. कसला आवाज येणार? त्यांनी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाले, “चला.” हा सूर तिच्या ओळखीचा नव्हता. पण दूध वर आलं होतं. ती धावली.

त्या दिवसापासून तिने शिस्तच लावली. हनुवटी धरायची, “उघडा तोंड” म्हणायचं आणि घोट घालायचा. ते उघडायचे. घोट आत गेला की त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. झटक्याच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, यांना उगीचच रडू येईल, मनावर घेऊ नका. तिने मनावर घेतलं नाही.

आणि मग, काय सांगावं, एके सकाळी सगळं निवळलं. बाटली मागितली नाही. चहा दिला, गटागट प्यायले. गरम सूपही प्यायले. ती इतकी हरखली की लगेच फोन लावला. “गेला बाई रुसवा एकदाचा! शिस्त लागते गं माणसाला.” मुलगी हसली. त्या आठवड्यात कंडक्टरीणबाईने चादरी एकदाच धुतल्या आणि आरशात बघून केसही नीट विंचरले.

पुढच्या आठवड्यात त्यांचा डावा गाल लिंबाएवढा सुजला. अंगात ताप भरला. ती चाकाची खुर्ची ढकलत कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात पोचली.

डॉक्टरीणबाई पोरसवदा होती, पण धीराची. खुर्ची मागे कलवून तिने तोंडात दिवा धरला. “आजी, यांना गरम सोसत होतं का?”

मग काय, कंडक्टरीणबाईने सगळं गाऱ्हाणं ओतलं. थुंकलेला चहा, भिजलेल्या गाद्या, गालात धरलेलं गार पाणी. “हट्ट हो, दुसरं काय! मग आपोआप गेला. हे सूज बिज नवीनच निघालं.”

डॉक्टरणीने दिवा विझवला. मग स्टूल ओढून तिच्यासमोर बसली.

“आजी, हट्ट नव्हता तो. दाढेतली कीड पार आतल्या नसेला जाऊन भिडली होती. नस सुजते, पण दाढेच्या आत फुगायला जागा कुठे असते? गरम लागलं की कळ मस्तकात जाते. गारव्याने तेवढ्यापुरती थांबते. गार पाणी हे त्यांनी स्वतःच शोधलेलं औषध होतं.”

“पण मग थांबलं ना दुखायचं? चहा प्यायला लागले.”

“नस मेली म्हणून थांबलं. दाढ बरी झाली म्हणून नाही. मेलेली नस आत कुजली, पू मुळातून हाडात उतरला. म्हणून ही सूज.”

“मग उपटून टाका ना ती मेली दाढ!”

“उजवीकडून त्यांना चावता येत नाही. डावीकडे चावायला कामाची हीच एक दाढ आहे. काढली तर जन्मभर पातळच खावं लागेल. रूट कॅनॉल करू. आतली घाण काढायची, नळ्या धुऊन भरायच्या, वर टोपी बसवायची. पण आधी दुखतेय ती हीच ना, ते ठोकून पक्कं करते. आजोबा, दुखलं की हात वर करा हं.”

कंडक्टरांनी हात वर केला नाही. तो डावा हात बाजूच्या अवजारांच्या ताटलीकडे सरकला आणि त्याने दात बघायचा छोटा स्टीलचा आरसा दांड्याला धरून उचलला.

“अहो, ठेवा ते!” कंडक्टरीणबाई झेपावली.

“राहू दे, आजी.” डॉक्टरणीने पहिल्या दाढेवर हलकेच ठोकलं. काही नाही. दुसरीवर ठोकलं. काही नाही. तिसरीला धक्का लागला मात्र, कंडक्टरांनी आरशाचा दांडा खुर्चीच्या लोखंडावर मारला.

टण्ण.

डॉक्टरणीचा हात जागच्या जागी थांबला. कंडक्टरांनी श्वास घेतला, कपाळावरचा घाम खाली येऊ दिला आणि मग दांडा पुन्हा मारला. टण्ण, टण्ण.

“एक म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चालू दे? असंच ना, आजोबा?” डॉक्टरीण हसली. “वा, बसमध्ये असतं तसं!”

“चला,” कंडक्टर म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा अर्धा चेहरा हसला.

कंडक्टरीणबाई भिंतीला टेकली. लग्नानंतर पहिल्यांदा ती त्यांच्या बसमध्ये पुढच्या बाकावर बसून गावभर फिरली होती. सिंगल बेल, डबल बेल. घरी जेवतानाही ताटावर चमच्याने एकदा वाजवलं की बास, दोनदा वाजवलं की वाढ. मुलगी तर त्यावर खिदळत लहानाची मोठी झाली. आणि महिनाभर हा माणूस खाटेवरून तिला थांब, थांब म्हणत होता. तिला! कंडक्टरच्या बायकोला! आणि तिने काय केलं, तर बेलच काढून घेतली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि मारणारी ती. परकी पोर एका टोल्यात थांबली.

घरी जाताना मुलीचा फोन आला. “कळलं का गं काय झालंय?” कंडक्टरीणबाई “दाढ आहे” एवढंच म्हणाली.

औषधांनी सूज उतरली, फेऱ्या झाल्या, दाढेवर टोपी बसली. त्या संध्याकाळी तिने स्टूलवर चढून फळीवरचा पेला काढला, घासून लख्ख केला आणि त्यांच्या डाव्या हातात दिला. चहा कोमट करून आणला, कप हातात धरून खाटेशी बसली.

“अहो,” ती म्हणाली, “चुकलं माझं. आता तुम्ही एक मारा, मी थांबेन. दोन मारा, मग देईन. बेल दिल्याशिवाय हा कप हलणार नाही.”

कंडक्टरांनी पेल्याकडे पाहिलं. मग दांडीला लागणार नाही अशा बेताने, अगदी सांभाळून, तो चादरीवर ठेवून दिला. डोळे मिटले आणि तिने शिकवलं होतं तसं तोंड उघडलं.

“नको हो,” तिचा आवाज फुटला. “मिटा. मिटा ना तोंड!”

तिचा आवाज चढला असं वाटून त्यांनी ते आणखी मोठं उघडलं.