उंचावरचा शाळू

एकोणऐंशी सालच्या पौषात तानीबाईचा शाळू पोटरीत आला होता आणि तहानेनं पानांच्या सुरळ्या करून उभा होता. आता एक पाणी मिळालं तर वर्षाची भाकरी, नाहीतर नुसता कडबा. बांधापलीकडं कालवा भरून वाहत होता, पण तिचे दोन्ही अर्ज परत आले होते. 'शेत कालव्यापेक्षा उंचावर, पाणी चढणार नाही,' असं लिहून कालव्याच्या साहेबांनी खाली झोकदार सही ठोकली होती. शेत न बघताच. बघायला आले असते तर बुटाला माती लागली असती.

त्याच साहेबांची जीप सोमवारी शाळेपुढं थांबली. वरून हुकूम सुटला होता, पोरांना कालव्याची बांधणी आणि वाहतुकीचा इतिहास हातानं काम करून शिकवायचा. साहेबांनी व्हरांड्यात उभं राहून तासभर सांगितलं, की विलायतेत घोडे काठानं चालत कालव्यातली नाव ओढायचे, मग आगगाडी आली आणि घोडे सुटले. ज्या गावात यष्टी दिवसातनं एकदा, तीही आली तर, त्या गावाला साहेब वाहतूक शिकवत होते.

"आता प्रत्यक्ष," साहेब म्हणाले. "पोरांनी छोटा पाट खणायचा, कागदी नावा सोडायच्या. अहवालात प्रत्येक वर्गाचा फोटो पाहिजे. जागा कुठं आहे, मास्तर?"

धरणेंद्र मास्तरांनी सावकाश चष्मा पुसला. "कालव्याच्या दाराजवळ आहे, साहेब. उतार चांगला आहे."

"ठीक, ठीक. चला."

पोरं खोरी घेऊन भिडली. तानीबाई बांधावर आली, तर पाट तिच्याच रानाकडं सरकत होता.

"मास्तर, ह्ये काय चाललंय?"

"शिक्षण चाललंय, तानीआक्का. तू वाफ्याचं तोंड मोकळं कर आणि गप बस."

ती गप बसणाऱ्यातली नव्हती, पण बसली. ह्याच कालव्याची माती तिनं दोन उन्हाळे डोक्यावरनं वाहिली होती. पाणी कुठं जाईल हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

साहेबांनी दार उचलायला लावलं. पाचवीच्या नावा डुलत निघाल्या, पाट संपला तरी थांबल्या नाहीत आणि थेट शाळूत शिरल्या. साहेब खूश झाले. विजार वर धरून वाफ्यात उभे राहिले आणि फोटो काढून घेतला.

"रान कुणाचं हे?"

"माजं, सायेब," तानीबाई म्हणाली. "तुमी दोनदा उंचावर लिवलासा, त्येच. नावा चढाला चढत्यात व्हय वो? का विलायतेत चढत्यात?"

पोरं फिदीफिदी हसली. साहेबांचं तोंड उतरलं.

"यंत्रानं घेतलेलं मोजमाप आहे ते, चुकत नसतं. दार बंद करा."

"सहावी-सातवी राहिली, साहेब," मास्तर अदबीनं म्हणाले. "प्रत्येक वर्गाचा फोटो, असं आपणच म्हणालात."

साहेब अडकले. अहवाल अर्धा गेला तर वरच्यांची बोलणी. इकडं सहावीला नावा जमेनात, मास्तरांनी त्या तीनदा उकलून पुन्हा घडवून घेतल्या. सातवीला आधी घोड्यांचा अख्खा इतिहास वहीत उतरवायला लावला. तोवर तानीबाई चिखलात उभी राहून एकेका वाफ्यात पाणी वळवत दारं धरत होती. दिवस कलला तेव्हा शेवटचा वाफा भिजला होता.

महिन्याभरानं शाळेला अहवालाची प्रत आली. 'पाणी शेवटपर्यंत सहज पोचले.' सोबत फोटो, वाफ्यात साहेब आणि मागं शाळू. त्याच आठवड्यात तानीबाईचा तिसरा अर्ज परत आला. 'शेत उंचावर.' दोन्हींखाली सही एकच. मास्तरांनी दोन्ही कागद वाचून दाखवले तेव्हा तिच्या अंगाची लाही झाली.

सुगीनंतर साहेब शाळेच्या त्या पाटाची तपासणी करायला पुन्हा आले. तानीबाईनं नव्या शाळूच्या चार भाकरी फडक्यात बांधून मास्तरांच्या हातात दिल्या.

"सायबास्नी वाढा. आनि सांगा, उंचावरची हाय. जपून खावा म्हनावं, न्हायतर पडशीला."